शुक्रवारी तळलेले झोरे

रोहा
रविवार, ६ जुलै २०२५

मोझेस,

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल काचेची टाकी. काच बारा मिलिमीटरची, कडा मी घासल्या, सिलिकॉन मी भरलं, आणि ते सुकेपर्यंत आठवडाभर घरात कोणाला जोरात दार लावू दिलं नाही. टाकीखालचा लोखंडी घोडा, अँगल कापून, वेल्डिंग करून. भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून बनवलेलं पाणी थंड करायचं यंत्र. त्यातली नळी तांब्याची नाही, स्टेनलेसची, कारण तांबं पाण्यात उतरतं आणि मासा मरतो. हे मला कोणी शिकवलं नाही, मासे मेल्यावर कळलं. पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत ढकलणारे पाइप, म्हणजे माशाला उलट्या धारेत पोहायला मिळावं. निळ्या पिंपाचा फिल्टर. लाइट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीवरचा पंप. हे सगळं या हातांनी केलेलं आहे. आय.टी.आय.चं तोंड मी पाहिलेलं नाही. का, ते तुला माहीत आहे. तू इस्रायलला गेलास, घर माझ्यावर पडलं.

यादी देतो आहे ती बढाई म्हणून नाही. मागच्या पडवीत जे उभं आहे ते काय आहे, हे तू घरात राहूनही ओळखलं नाहीस, म्हणून देतो आहे.

२७ जूनला, शुक्रवारी, तू आणि हन्नावहिनी आईच्या कबरीवरचा दगड बसवायला आलात. चौदा वर्षांनी आलास. मी धाटावला पहिल्या शिफ्टला होतो, बदलीचा माणूस आला नाही म्हणून कंपनीने थांबवून घेतलं. किल्ली शेजारच्या कान्हूकडे ठेवली होती. मी घरी पोचलो तेव्हा वहिनीने शब्बाथचे दिवे लावले होते आणि टेबलावर तळलेली मासळी होती.

ते झोरे होते. तू नाव विसरला असशील, म्हणून सांगतो. बोटाएवढा मासा, चंदेरी, अंगावर निळसर आडवे पट्टे, डोंगरातल्या गार, वाहत्या पाण्यातच जगतो. साचलेल्या कोमट पाण्यात त्याला दुपार काढवत नाही. लहानपणी करंबाच्या ओढ्यावर आपण पंचा धरून पकडायचो तो. त्या ओढ्याचा वरचा डोह आता नाही. डोंगर फोडून रस्ता काढला, निघालेली दगडमाती खाली ढकलली, डोह बुजला. ते होणार हे दिसत होतं म्हणून मी आणि कान्हूने आधीच दोन उन्हाळे तिथून झोरे आणले, कॅनमध्ये, बर्फाच्या बाटल्या लावून, दोन तास चालत. खालच्या पाण्यात मी नंतर खूप शोधले. एकही नाही. पडवीत होते तेवढेच त्या ओढ्याचे उरले होते. डोहातली माती पावसाने वाहून गेली की त्यांना परत वर नेऊन सोडायचं, यासाठी पाच वर्षं मी ते पाणी बावीस अंशांवर ठेवलं. रोह्याच्या मे महिन्यात बावीस अंश म्हणजे काय, ते विजेचं बिल बघितलंस तर कळेल.

तू ते चाळणीने धरलेस. तांदूळ धुवायच्या चाळणीने.

नाओमी असती तर तिने ती चाळणी तुझ्या हातातून काढून घेतली असती. माझी बायको गेली, घरात कोणी नव्हतं, म्हणून तुझं फावलं. कान्हूला मी नंतर विचारलं, "तू किल्ली द्यायला आत गेला होतास, तुला दिसलं नाही का?" तो म्हणाला, "मी इचारलं ना. म्हटलं, दादानू, ह्ये कशाला धरताव? तर म्हनला, आज शुक्रवार हाय ना कान्हू. मंग मला वाटलं तूच सांगितलंस. तुमच्यात शुक्रवारी मासळी लागते ती मला काय नवीन हाय?"

मी त्या रात्री काही बोललो नाही. शब्बाथला घरात आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, भांडण तारे दिसेपर्यंत पुढे ढकलायचं, हा बाबांचा नियम. बाबा गेले, तू गेलास, नियम मी पाळतो. शनिवारी तारे दिसले तेव्हा तुमची टॅक्सी दारात उभी होती. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "बाबांचं घर तू राखलंस रे." मी म्हणालो, जपून जा.

आज आठ दिवसांनी ते भांडण करतो आहे.

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस. शीरा पेणहून दर रविवारी येते, ती या पत्राचा फोटो काढून तुला पाठवेल. तिनेही वाचलं. म्हणाली, "पप्पा, काकांना निदान दादा तरी लिहा." लिहिलेलं नाही.

आरोन


रोहा
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

मोझेस,

तुझा अकरा मिनिटांचा आवाज शीराने जेवताना मोबाईलवर लावला. जुलैत एक लावला होता, तो मी अर्ध्यावर बंद करायला सांगितला. हा पूर्ण ऐकला. माफी तू पहिल्या मिनिटात मागितलीस, उरलेली दहा मिनिटं तुझी चूक कशी नव्हती हे सांगितलंस. त्यांचं उत्तर देतो.

तू म्हणतोस, आपल्या घरात टाकीतला मासा म्हणजे शुक्रवारचाच. बरोबर. बाबा गुरुवारी संध्याकाळी नदीवरून जिवंत मासळी आणून हौदात सोडायचे. शुक्रवारी दुपारी आपल्याला समोर उभं करून एकेक वर काढायचे, कल्ल्याजवळ नख लावून खवलं दाखवायचे, मग आईच्या हातात द्यायचे. खवलं नसलेला मासा आपल्यात खायचा नाही, तो परत नदीत. मीही तिथे उभा होतो, तुझ्यापेक्षा पाच वर्षं जास्त उभा होतो, कारण तू अश्दोदला बस चालवायला गेलास तेव्हाही बाबा मासे आणत होते.

तू म्हणतोस टाकी हौदाच्याच जागेवर आहे. नाही. हौद विहिरीला लागून होता, उघड्यावर. पडवीची भिंत मी नंतर पुढे घेतली. टाकी हौदापासून साडेचार फूट अलीकडे आहे. आज टेप लावून मोजलं. आणि हौद सिमेंटचा होता, त्याला शेवाळ होतं, त्याला पंप नव्हता, थर्मामीटर नव्हता. मासा तळायच्या आधी बावीस अंशांवर कोण ठेवतं? हा प्रश्न तुला त्या टाकीसमोर पडायला हवा होता. तू म्हणतोस, तुला वाटलं आरोनने बाबांची पद्धत नव्या सामानाने चालू ठेवली, आणि ते बघून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं असेल. मग ते पुसून थर्मामीटर वाचायचा होतास.

तू म्हणतोस, टाकीतले मुरे सोडून दिले, कारण त्यांना खवलं दिसली नाहीत, म्हणजे तू बेफिकिरीने वागला नाहीस. हे खरं आहे. तळाला चिकटून बसणारे ते कळकट मुरे सगळे शाबूत आहेत. त्यांना ओढ्यात तोटा नाही, ते कुठल्याही नाल्यात सापडतात. तू नियमाला धरून नेमके तेवढेच खाल्लेस जे दुसरीकडे कुठेच नव्हते.

पुढचं तू नवव्या मिनिटाला बोललास, आणि शीरा माझ्याकडे बघायला लागली.

"आणि आरोन, तूही खाल्लेस की. पुन्हा मागून घेतलेस."

हो. खाल्ले. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण पहिलं पत्र तुझ्याबद्दल होतं. दमून आलो होतो, हात धुतले, द्राक्षरसाच्या पेल्यावरचा किद्दूश तू म्हटलास, बसलो. फ्रीझरमध्ये मी सुरमई आणून ठेवली होती, पण ताटात कापलेली, पीठ लावलेली छोटी मासळी बघून मला वाटलं तुम्ही बाजारातून काही आणलंत. वहिनी म्हणाली, "भावजी, गाबोळी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीय, दोघं भाऊ वाटून खा." तू म्हणालास, "काय रे, बाबांच्या वेळची चव आहे की नाही?"

मी म्हणालो, आहे.

मग पाणी प्यायला उठलो आणि पडवीतून आवाज येत नव्हता. तो आवाज पाच वर्षं बंद झालेला नाही. मी त्या आवाजात झोपतो. मासे धरायला धार आड येते म्हणून तू दोन्ही बटणं बंद केली होतीस, साध्या पंपाचंही आणि बॅटरीचंही, आणि परत लावायचं तुला सुचलं नाही. शब्बाथ लागलेला. शनिवारी तारे दिसेपर्यंत मी विजेच्या बटणाला हात लावणार नाही. रात्रभर तिथे स्टुलावर बसलो. तू घोरत होतास.

कान्हू दर शनिवारी सकाळी येतो. त्याला सांगायचं नसतं, सांगितलं तर आपणच केल्यासारखं. तो येतो, चहा पितो, बघतो. मी म्हणालो, कान्हू, पडवीत फार शांत आहे. तो आत गेला आणि दोन्ही बटणं लावून आला. "नुसते मुरे ऱ्हायले रं," म्हणाला. मग तुझ्याकडे बघत चहा संपवला. तू तेव्हा वहिनीबरोबर आईच्या दगडाबद्दल बोलत होतास.

आता तू सांग, यात माफ काय करायचं? तू माझे मासे खाल्लेस, हे एक वेळ बाजूला ठेवतो. तू ते मला खायला घातलेस. माझ्या तोंडून "आहे" वदवून घेतलंस. त्या गाबोळीत, पोटातल्या त्या अंड्यांत, पुढचा सगळा ओढा होता.

शीरा म्हणाली, "काकांना माहीत नव्हतं ना पप्पा."

मी म्हणालो, "मला पण नव्हतं. मला कोण माफ करणार?"

"अहो तेच तर. मग दोघंही सारखेच की."

मुलगी शिकवायला शाळेत जाते, त्यामुळे घरी आली तरी शिकवत राहते. फळ्यावर लिहून दाखवता येईल एवढं सोपं नाही ते. मी पाच वर्षं रोज त्या पाण्यात हात घालतो, तू चौदा वर्षांनी एकदा चाळणी घातलीस. सारखे नाही.

माफी नाकारली आहे. दोनदा झाली, जुलैची धरून.

इथे थांबतो. बलक गाळायचा आहे आणि तो ताजा लागतो.

आरोन


रोहा
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

मोझेस,

नव्या वर्षाचा, नव्याचा सण झाला, बुधवारी संध्याकाळी दारफाळणीचा उपास लागेल, त्याआधी माफी मागून घ्यायची असते. तू तिसऱ्यांदा माफी मागितलीस. या वेळी बरोबर तुमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या हझानला बसवलंस आणि त्याच्या तोंडून नियम ऐकवलास: तीनदा मनापासून मागितली आणि समोरच्याने तीनदा नाकारली, तर मागणारा सुटला, भार नाकारणाऱ्यावर. हझान मराठी छान बोलतो. चौलचा दिसतो.

शीराने ते लावलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"पप्पा, आता नाही म्हणालात तर पाप तुमच्यावर येईल."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. उपास दोघांचाही असतो."

"काकांना रात्री झोप लागत नाही म्हणे."

"त्या रात्री लागली होती."

ती हसली नाही. उठून पडवीत गेली आणि टाकीपाशी उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, "हे तुम्ही काकांना लिहिलेलंच नाही. हे लपवून माफी नाकारणं म्हणजे फसवणूक आहे." मला फसवणूक म्हणालेलं चालत नाही. म्हणून लिहितो.

तुला पहिलं पत्र पाठवल्यावर त्याच आठवड्यात फिल्टर धुवायला काढला. पाइपच्या मागे, जिथे धार वळते, तिथे खडीच्या फटीत काहीतरी हललं. केसाएवढी काडी, तिला दोन डोळे. मग दुसरी. माशांनी तुम्ही यायच्या आधीच खडीत अंडी टाकली होती. वहिनीने तळली ती गाबोळी पोटात उरलेली होती. पंप रात्रभर बंद होता, तासाभराने जरी कान्हू उशिरा आला असता तरी खडीतलं पाणी कुजलं असतं. ती पिल्लं मेली नाहीत याचं श्रेय तुझं नाही.

पहिले दिवस त्यांना खायला काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून द्यायचा, पण साध्या फडक्यातून गाळला तर कण मोठा राहतो, पिल्लाच्या तोंडात मावत नाही आणि पाणी नासतं. शीराची एक मैत्रीण जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. रंग फवारायच्या पिस्तुलात भरायच्या आधी ते ज्या कापडातून गाळतात, ते तिने दिलं. त्यातून गाळलेला बलक चालला. बरीच मेली. मोठ्या पिल्लांनी लहान खाल्ली म्हणून मग मध्ये काच घालून वेगळी केली. आता सतरा आहेत, अंगावर पट्टे यायला लागले आहेत, धारेत तोंड करून उभी राहतात. हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

कान्हू बघायला आला तर म्हणाला, "तुज्या दादूसनं आयांना खाल्ला, पोरं ऱ्हायली. कळव त्याला, खुश व्हईल."

मी म्हणालो, "कळवलं तर परत येईल, चाळणी घेऊन."

"आता ये तर ये. ही पोरं तळायला तेल जास्ती लागंल नि मासळी कमी."

तो हसत होता. मी हसलो नाही असं म्हणणार नाही.

परवा आम्ही दोघं करंबाच्या ओढ्यावर वर जाऊन आलो. या पावसाने दगडमातीचा मधला भाग कापून काढला आहे. डोह झालेला नाही, पण कमरेएवढं पाणी एका जागी थांबून पुढे जातं. थर्मामीटर घातला. साडेबावीस. कान्हू पाण्यात पाय सोडून बसला आणि म्हणाला, "गार हाय. व्हय, तीच गार हाय." त्याचे पाय माझ्या थर्मामीटरपेक्षा जुने आहेत, मी वाद घातला नाही. हिवाळ्यात पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की अर्धी वर नेऊन सोडणार. अर्धी इथे राहतील. सगळी एका जागी ठेवायची नाहीत, हे आता मी शिकलो आहे, तुझ्यामुळे.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला ऐकू येतं: मग झालं ना, आरोन, ओढा राहिला, आता तरी सोड. मोझेस, ओढा राहिला तो अंडी आधी टाकली गेली म्हणून, पाइप नीट वळवला होता म्हणून, आणि एक हिंदू माणूस आपले नियम आपल्यापेक्षा चांगले सांभाळतो म्हणून. तुझ्या बाजूने त्यात काहीही नाही. तू तुझ्या बाजूने शेवटचा मासा ताटात वाढला होतास. बाबांची आठवण येऊन वाढलास, रडत वाढलास, हे मी मानतो. प्रेमाने केलं म्हणून मासा जिवंत होत नाही.

तेव्हा तिसऱ्यांदा नाही. हझानला सांग, नियमाप्रमाणे तू सुटलास. बुधवारी दार लावून निवांत उपास कर. भार माझ्यावर आला, तो मी उचलतो. या घरातलं पुष्कळ मीच उचललेलं आहे, बाबांच्या आजारपणापासून आईच्या कबरीपर्यंत. एक आणखी.

एक गोष्ट राहिली. हझानने शेवटी सांगितलं की नुकसान केलं असेल तर आधी भरपाई द्यावी, मग माफी मागावी. भरपाई घेतली की माफी नाकारता येत नाही. आणि त्यावर तू आकडा सांगितलास. शीराने तो पाटीवर लिहून माझ्यासमोर ठेवला, तिला वाटलं मी घेईन. कॉम्प्रेसर जुना झाला आहे, पत्र्याचं छप्पर गळतं, ते तिला दिसतं. मला त्या आकड्यात दुसरंच दिसलं. पैसे घेतले तर ते झोरे मी तुला विकल्यासारखे होतील. विकत घेतलेला मासा माणसाने शुक्रवारी तळून खाल्ला, तर त्यात माफी मागण्यासारखं काही उरत नाही, आणि माझ्याकडे धरून ठेवण्यासारखंही काही उरत नाही. ते मासे विकायचे नव्हते. तुलाही नाही, मेल्यावरही नाही.

म्हणून तुझ्या बँकेला पैसे पाठवू नकोस म्हणून सांग. देऊ केलेस ते मी नाकारले आहेत: दहा हजार शेकेल, म्हणजे आजच्या भावाने दोन लाख चौसष्ट हजार रुपये.

आरोन